शंटपासून उणे रेलपर्यंत: १२ व्होल्टच्या बॅटरीवर ऑपॅम्पला असमान सप्लाय कसा द्यावा

ऑपॅम्पला, म्हणजे छोटा सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीला, ग्राउंडची पिनच नसते. एलएम३५८ हातात घेऊन बघा: पिन ८ अधिक रेल (सप्लायची अधिक वायर), पिन ४ उणे रेल, उरलेल्या सहा पिना इनपुट आणि आउटपुट. शून्य व्होल्ट कुठे आहे हे त्या आयसीला कधीच कळत नाही, त्याला कळतं फक्त दोन रेलमधलं अंतर. म्हणून +१५/−१५, +२५/−५ आणि +३०/० हे तिन्ही सप्लाय त्याच्या लेखी सारखेच, ३० व्होल्टचे. बदलते ती आपल्या शून्याची जागा.

पुस्तकात सगळीकडे ±१५ दिसतं, कारण कॉलेजच्या टेबलावरचा पॉवर सप्लाय तसा असतो. शेतातल्या कोठ्यात मात्र १२ व्होल्टची एकच बॅटरी असते, आणि मोजायचा सिग्नल बरेचदा एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड असतो. अशा वेळी बारा व्होल्ट अर्धे-अर्धे कापून ±६ करणं म्हणजे जिथे गरज आहे तिथली जागा फुकट घालवणं. सप्लायसुद्धा सिग्नलसारखाच एका बाजूला लांब ठेवावा.

काम काय आहे ते आधी ठरवा

पुढचं सगळं एका खऱ्या कामावर बेतलं आहे: सोलर पॅनल, १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर, आणि बॅटरीत किती अँपिअर जातात, किती निघतात हे एकाच आउटपुटवर बघायचं. शंट (करंट मोजायचा अगदी कमी ओमचा रेझिस्टर) ५० अँपिअर/७५ मिलिव्होल्टचा, म्हणजे दीड मिलिओम. इन्व्हर्टर जास्तीत जास्त ५० अँपिअर ओढेल, पॅनल जास्तीत जास्त १० अँपिअर भरेल. शंट उणे वायरमध्ये बसवला, तर बॅटरीच्या बाजूच्या टोकाच्या तुलनेत दुसरं टोक डिस्चार्जला +७५ मिलिव्होल्टपर्यंत आणि चार्जिंगला −१५ मिलिव्होल्टपर्यंत जातं. शंभरपट केलं की आउटपुट +७.५ ते −१.५ व्होल्ट, दर अँपिअरला १५० मिलिव्होल्ट.

आता अधिक बाजूला साडेसात हवेत, उणे बाजूला दीड. बॅटरी उतरून १०.५ वर आली तरी वर ३ व्होल्ट मोकळे राहतात. खाली पाचच्या आसपासची उणे रेल पुरते. +१२/−५ चा सप्लाय असा हिशेबातून येतो.

प्रत्येक रेलपासूनचं अंतर वेगळं मोजा

डेटाशीटमधले आकडे बहुधा ±१५ वर दिलेले असतात. ते तसेच न घेता रेलपासूनच्या अंतरात बदलून घ्या. "इनपुट रेंज ±१३" याचा अर्थ दोन्ही रेलपासून २ व्होल्ट दूर राहा. "आउटपुट किमान ±१२" म्हणजे ३ व्होल्ट दूर. मग ही अंतरं आपल्या रेलमधून वजा करा, वरची वेगळी, खालची वेगळी. इनपुटसाठी एकदा, आउटपुटसाठी एकदा. चार वजाबाक्या झाल्या की आयसी चालेल की नाही ते कळतं.

एलएम३५८ चं इनपुट उणे रेलपर्यंत खाली चालतं, वर मात्र दीड ते दोन व्होल्ट सोडावे लागतात. आउटपुटलाही वर साधारण दीड व्होल्ट सोडा. एकट्या १२ व्होल्टवर हाच आयसी "शून्यापर्यंत जातो" असं सांगतात ते अर्धंच खरं आहे. शून्याजवळ तो जेमतेम ५० मायक्रोअँपिअर आत ओढू शकतो, त्यामुळे फीडबॅकमधून (आउटपुटपासून इनपुटकडे परत जाणाऱ्या जोडणीतून) त्याहून जास्त करंट येत असेल तर आउटपुट शून्याच्या वरच अडकतं. इनपुट उणे रेलच्या ०.३ व्होल्टपेक्षा खाली नेणं तर नियमातच बसत नाही, आणि तसं झालं की आउटपुट उलट वर उडी मारू शकतं.

टीएल०७२ चं याच्या अगदी उलट. त्याचं इनपुट वरच्या रेलपर्यंत छान चालतं, पण खालच्या रेलपासून ३-४ व्होल्ट दूर हवं. त्याच्या आत गेलं की आउटपुट उलटतं: खाली जायला हवं तिथे एकदम वर. −५ वर ग्राउंडजवळचा सिग्नल तो जेमतेम सांभाळतो, −१.२ वर कधीच नाही. एमसीपी६००२ रेल-टू-रेल असला तरी दोन रेलमधलं एकूण अंतर ६ व्होल्टच्या वर नको, +५/−५ दिले की मेला. एलएम३५८ ची एकूण कमाल ३२ व्होल्ट. +३०/−५ लावताना दोन आकड्यांची बेरीज करायची राहते आणि आयसी धुरात जातो.

या कामाला ओपी०७ घ्या. कारण ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही राहणारी चूक. एलएम३५८ चा ऑफसेट साधारण २-३ मिलिव्होल्ट, कमाल ७. शंभरपट केला की ०.७ व्होल्ट, म्हणजे काहीच चालू नसताना मीटर पावणेपाच अँपिअर दाखवेल. ओपी०७सी चा कमाल ऑफसेट १५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे चूक ०.१ अँपिअर. त्याला इनपुटसाठी दोन्हीकडे २ व्होल्ट लागतात. आपलं इनपुट शून्याजवळच असतं आणि खाली साडेचार व्होल्ट आहेत, तेव्हा अडचण नाही.

असमान रेलची एक छुपी किंमत असते, ती इथेच सांगून टाकतो. +१२/−५ चा मध्य +३.५ वर येतो, म्हणजे आयसीच्या दृष्टीने आपला सिग्नल मध्यापासून ३.५ व्होल्ट खाली बसलेला आहे. ही कॉमन-मोड चूकच झाली, म्हणजे दोन्ही इनपुट एकत्र सरकल्याने येणारी. ६५ डीबी सीएमआरआर (ही चूक दाबण्याची ताकद) असलेल्या एलएम३५८ ला यातून २ मिलिव्होल्टपर्यंत जादा ऑफसेट मिळतो, १०० डीबीच्या ओपी०७ ला ३५ मायक्रोव्होल्ट. शिवाय बॅटरी १०.५ ते १४.४ अशी हलते आणि उणे रेल जागेवरच राहते, त्यामुळे मध्य रोज वरखाली होतो. स्वस्त आयसीवर ढगाळ दिवशी आणि उन्हात वेगवेगळं शून्य दिसतं ते यामुळे.

उणे रेल कुठून आणायची

सर्वांत सोपा मार्ग आयसीएल७६६०. याच जातीचे टीसी७६६०, एलएमसी७६६० आणि मॅक्स१०४४ पण चालतात. पाच व्होल्ट दिले की उणे पाच देतो, कॉइल लागत नाही. पण त्याला थेट बॅटरीवर लावू नका. साध्या ७६६० ची मर्यादा १० व्होल्टची, 'एस' अक्षरवाल्याची १२ ची, आणि चार्जिंगला बॅटरी १४.४ वर जाते. संध्याकाळी जोडला तर चालेल, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऊन चढलं की जाईल. म्हणून आधी ७८एल०५ हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर, मग ७६६०.

तालुक्याच्या दुकानात ७६६० मिळाला नाही, नागपूरला सीताबर्डीपर्यंत जाणंही होत नसेल, तर ५५५ या टायमर आयसीवर काम भागतं. तो १६ व्होल्टपर्यंत चालत असल्याने बॅटरीवर थेट बसतो. पिन ७ ते अधिकला १ के (किलोओम), पिन ७ ते ६ ला १० के, ६ आणि २ एकत्र करून ग्राउंडला २.२ नॅनोफॅरड: सुमारे ३१ किलोहर्ट्झ मिळतात. पिन ३ पासून २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक टोक पिन ३ कडे. त्याच्या उणे टोकापासून एक १एन५८१९ डायोड ग्राउंडला, पट्टी (कॅथोडची खूण) ग्राउंडकडे. दुसरा १एन५८१९ त्याच टोकाला पट्टी करून लावा, त्याच्या मोकळ्या टोकाला उणे व्होल्टेज निघतं. तिथून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड. बिनलोड हे नऊ-दहा व्होल्टपर्यंत जातं आणि बॅटरीबरोबर हलतं, म्हणून पुढे ७९एल०५ हा उणे पाचचा रेग्युलेटर लावा. ७९एल०५ च्या पिना ७८एल०५ सारख्या नसतात. मोठ्या ७९०५ चा पत्रासुद्धा ग्राउंडला नसून इनपुटला जोडलेला असतो. ७८०५ आणि ७९०५ एकाच हीटसिंकला अभ्रकाशिवाय कसले की उणे सप्लाय शॉर्ट.

तिसरा मार्ग ग्राउंड उचलण्याचा. बॅटरीचं उणे टोक म्हणजेच उणे रेल धरायची, आणि सर्किटचं ग्राउंड दोन १एन४००७ सिरीजमध्ये टाकून त्याच्या वर, सुमारे १.३ व्होल्टवर बसवायचं. पट्ट्या बॅटरीच्या उणे टोकाकडे. अधिकपासून या ग्राउंडला २.२ के, म्हणजे डायोडमधून कायम ५ मिलिअँपिअर वाहत राहतील. एलएम३५८ चं आउटपुट खऱ्या शून्यापर्यंत न्यायला एवढं पुरतं. संत्र्याच्या बागेतला ओलाव्याचा सेन्सर असा चालवता येतो. उन्हाळ्यात डब्यातलं तापमान वाढलं की दर डायोडमागे अंशाला २ मिलिव्होल्ट कमी होतात, पण त्याने फक्त रेल सरकते, मोजमाप नाही. धोका दुसराच आहे. सेन्सरचं उणे किंवा यूएसबीची वायर कुठून तरी बॅटरीच्या उण्याला टेकली, की डायोड शॉर्ट होतात आणि उणे रेल गायब, तीही गुपचूप. शंटच्या कामात तर शंटचं एक टोक म्हणजेच बॅटरीचं उणे, म्हणून तिथे ही युक्ती बाद.

जोडणी

बॅटरीच्या अधिक टर्मिनलवरच ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज. तिथून २२ ओम, मग ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड/३५ व्होल्ट आणि पी६केई२७ए हा सप्रेसर, पट्टी अधिककडे. १८ व्होल्टचा झेनर इथे लावू नका. बॅटरीची वायर सुटली की ३६ सेलच्या पॅनलचे २१-२२ व्होल्ट सरळ सर्किटवर येतात आणि झेनर जळतो. ओपी०७ आणि ७८एल०५ हे व्होल्टेज सहन करतात.

हीच ओपी०७ ची अधिक रेल, पिन ७. इथूनच ७८एल०५, इनपुटला ३३० नॅनोफॅरड आणि आउटपुटला १०० नॅनोफॅरड. त्याचे पाच व्होल्ट ७६६० च्या पिन ८ ला, पिन ३ ग्राउंड, पिन २ आणि ४ मध्ये १० मायक्रोफॅरड, अधिक टोक २ कडे. पिन ६ मोकळी सोडा. साडेतीन व्होल्टच्या वर ती ग्राउंडला बांधायची नसते. पिन ५ वर उणे पाच निघतात. पिन ५ ते ग्राउंड आणखी १० मायक्रोफॅरड, आणि याचं अधिक टोक ग्राउंडकडे. नव्या माणसाचा कपॅसिटर हमखास इथेच उलटा लागतो, कारण हात सवयीने उणे टोक ग्राउंडला लावतो. उलटा लागलेला कपॅसिटर लगेच फुटत नाही, आठवडाभराने फुगतो.

७६६० च्या आउटपुटवर सुमारे ५० मिलिव्होल्टची, काही किलोहर्ट्झची लहर असते, आणि एवढ्या फ्रिक्वेन्सीला ऑपॅम्प रेलचा आवाज नीट दाबत नाही. म्हणून पिन ५ पासून ४७ ओम आणि ४७ मायक्रोफॅरड घालून मग ओपी०७ ची पिन ४. आतला रेझिस्टन्स ५५ ओमच्या आसपास धरला तर ५ मिलिअँपिअरला रेल −४.५ वर स्थिरावते. उणे रेलवर एक १एन५८१९, पट्टी ग्राउंडकडे: चालू होताना अधिक रेल आधी येते आणि ऑपॅम्पमधून उणे रेल वर ओढली जाते. हा डायोड नसेल तर ७६६० कधीकधी सुरूच होत नाही, बंद करून परत चालू करावं लागतं.

ऑपॅम्पच्या पिन ७ आणि पिन ४ ला प्रत्येकी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, आयसीच्या अगदी शेजारी, ग्राउंडला.

आता सिग्नल. शंटच्या जाड बोल्टवरून नव्हे, आतल्या दोन छोट्या स्क्रूवरून पिळलेल्या वायरी आणा. लोडकडचा स्क्रू १ के मधून पिन ३ ला, पिन ३ ते ग्राउंड १०० के. बॅटरीकडचा स्क्रू १ के मधून पिन २ ला, पिन २ ते पिन ६ ला १०० के. सगळे १ टक्का मेटल फिल्म. कॉमन-मोड इथे जवळपास शून्य असल्याने याहून महागड्या जुळवलेल्या रेझिस्टरची गरज नाही. दोन्ही १०० के वर ४७० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, कारण इन्व्हर्टर बॅटरीतून सलग करंट ओढत नाही, त्यात १०० हर्ट्झची धडधड असते. यामुळे ३.४ हर्ट्झच्या वरचं सगळं दबतं.

सर्किटचं ग्राउंड शंटच्या बॅटरीकडच्या छोट्या स्क्रूवर स्वतंत्र वायरीने जोडा. इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर, दिवे, सगळ्यांचं उणे शंटच्या दुसऱ्या बाजूला. एखादी जरी वायर थेट बॅटरीच्या उण्याला राहिली, तरी तेवढा करंट मोजलाच जाणार नाही. रानडुकरं आणि रोह्यांसाठी लावलेलं झटका मशीन त्याच बॅटरीवर असेल, तर त्याची अर्थिंगची वायर या सर्किटच्या ग्राउंडपासून लांब ठेवा, नाहीतर दर झटक्याला आकडा उडेल.

पिन १ आणि ८ रिकाम्या ठेवा. ओपी०७ चा ऑफसेट पॉट १ आणि ८ वर असतो आणि मधली पिन अधिक रेलला जाते. ७४१ चा १ आणि ५ वर, मधली पिन उणे रेलला. जुन्या ७४१ च्या बोर्डवर ओपी०७ बसवताना पॉट आधी काढा.

तपासणी

ओपी०७ बेसमध्ये न बसवता आधी सप्लाय द्या. पिन ७ वर बॅटरीइतके, पिन ४ वर −५ च्या जवळ मिळाले पाहिजेत. मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडवरच ठेवा, बॅटरीच्या टर्मिनलवर नको. मग सप्लाय काढून आयसी बसवा, आणि पिन ४ परत मोजा: −४.५ च्या आसपास. −३ च्या वर चढली असेल तर कुठला तरी कपॅसिटर उलटा आहे किंवा ७६६० नकली आहे.

सिग्नलच्या दोन्ही वायरी बॅटरीकडच्या स्क्रूवर एकत्र टेकवा. आउटपुट ±२० मिलिव्होल्टच्या आत हवं. त्यानंतर गाडीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब हाय बीमवर लोड म्हणून लावा. त्याच्या सिरीजमध्ये मल्टिमीटर १० अँपिअर रेंजवर. साधारण ५ अँपिअरला ०.७५ व्होल्ट. आता शंटकडच्या दोन सिग्नल वायरींची अदलाबदल करा, ग्राउंड आहे तिथेच ठेवून. आउटपुट −०.७५ यायला हवं. पॅनल न जोडताच उणे रेल काम करते की नाही ते यातून कळतं. आउटपुट उणे बाजूला गेलंच नाही, तर आधी उणे रेल आहे का ते बघा. लोड चालू असताना आउटपुट कायम +११ वर चिकटलं असेल तर पिन २ आणि ६ मधला १०० के सुटलेला असण्याची शक्यता जास्त.

डबा पत्र्याच्या छताला लागून ठेवू नका. मे महिन्यात बाहेर ४५ असताना पत्र्याखालच्या बंद डब्यात ६० सहज होतात. काही कंपन्यांचा ओपी०७सी ० ते ७० अंशांपुरताच असतो. इलेक्ट्रोलिटिक सगळे १०५ अंशांचे घ्या.

आर्डुइनोला द्यायचं असेल तर

−१.५ ते +७.५ थेट एडीसीला (आर्डुइनोच्या व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला) देऊ नका. आउटपुटपासून २२ के, पाच व्होल्टपासून ४७ के आणि ग्राउंडपासून २२ के, तिन्ही एका बिंदूवर, तो बिंदू एडीसीला. शून्य अँपिअरला ०.९५ व्होल्ट, ५० अँपिअर डिस्चार्जला ४ व्होल्ट, १० अँपिअर चार्जिंगला ०.३४ व्होल्ट येतात, म्हणजे दर अँपिअरला साधारण ६१ मिलिव्होल्ट. बिंदूचा रेझिस्टन्स ८.९ के, जो त्या एडीसीच्या १० के मर्यादेत बसतो. दोन बीएटी८५ डायोडही लावा, एक पाच व्होल्टकडे, एक ग्राउंडकडून, कारण ऑपॅम्प वर चिकटला तर इथे ६ व्होल्ट येऊ शकतात. आकडा फक्त आर्डुइनोवरच बघायचा असेल आणि मीटर लावायचाच नसेल, तर शंभरपटीऐवजी चाळीसपट करून आणि पिन ३ कडचा मोठा रेझिस्टर ग्राउंडऐवजी स्थिर १ व्होल्टला बांधून उणे रेल टाळताही येते, पण मग ओपी०७ चालत नाही. तिथे उणे रेलपर्यंत इनपुट आणि आउटपुट दोन्ही चालणारा, कमी ऑफसेटचा आयसी शोधावा लागतो, आणि तो गावात मिळत नाही.

बॅटरीऐवजी लाइनवर

सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ७८१२ आणि ७९०५ असा सरळ सप्लाय होतो. फक्त १२-०-१२ घेऊ नका. कृषी फीडरवर लाइन १८० पर्यंत उतरली की त्यातून डीसी जेमतेम १२.५ मिळतात, आणि ७८१२ ला किमान १४.५ लागतात. १५-०-१५ घेतला तर १८० ला पण सुमारे १६ राहतात. रात्री लोड कमी होऊन लाइन २५० ला गेली तर २३ होतात, म्हणून फिल्टर कपॅसिटर ३५ व्होल्टचे. ७९०५ च्या आउटपुटला किमान १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक हवाच, नाहीतर तो डोलतो. त्याला किमान ५ मिलिअँपिअरचा लोडही लागतो, तेव्हा एक ८२० ओमचा रेझिस्टर आउटपुट ते ग्राउंड टाकून द्या.